राउटरची मुदत कोण ठरवणार?

वायफाय राउटर घेताना खोक्यावर काय काय छापलेलं असतं, ते एकदा निवांत वाचून पाहावं. वेग किती, अँटेना किती, किती खोल्यांच्या घराला पुरेल, फोनवरून कसा चालवता येईल, हमी किती वर्षांची. एक तारीख मात्र मला आजवर एकाही खोक्यावर दिसलेली नाही. या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये उद्या सुरक्षेची त्रुटी सापडली, तर ती कंपनी कोणत्या वर्षापर्यंत दुरुस्त करून देणार? औषधाच्या पट्टीवर मुदत छापल्याशिवाय ती दुकानात ठेवता येत नाही. राउटरलाही मुदत असते, पण ती कंपनी ठरवते आणि घेणाऱ्याला बहुधा कधीच कळत नाही. दिवा हिरवा जळत असतो, नेट चालत असतं, आणि आतलं सॉफ्टवेअर कित्येक वर्षांपूर्वीच वाऱ्यावर सोडून दिलेलं असतं.

मी सांगलीजवळच्या एका आयटीआयमध्ये संगणक आणि नेटवर्कच्या देखभालीचा ट्रेड शिकवते. आमच्या कार्यशाळेत लोकांनी टाकून दिलेल्या राउटरांचं एक कपाट आहे. मुलं घरून आणतात, मामाकडून आणतात, भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने उचलतात. यातले खरोखर बिघडलेले फार थोडे. एखाद्याचा अडॅप्टर गेलेला असतो, एखाद्यातला कपॅसिटर फुगलेला असतो, तो बदलला की काम झालं. बाकीचे ठणठणीत असूनही घराबाहेर गेलेले. का टाकला, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली. ‘जुना झाला.’ ‘नेटवाला म्हणाला, नवीन घ्या.’ ‘कंपनीच्या साइटवर याचं अपडेटच येत नाही, मॅडम.’ शेवटचं उत्तर देणाऱ्याने निदान तपासून तरी पाहिलेलं असतं.

माझं म्हणणं असं की, कंपनीने एखाद्या राउटरकडे लक्ष देणं थांबवलं, की त्या दिवसापासून त्यावर दुसरं सॉफ्टवेअर बसवायची मोकळीक घेणाऱ्याला मिळाली पाहिजे, आणि ती कायद्याने मिळाली पाहिजे. आज ती मिळते ती नशिबाने. मॉडेल योग्य निघालं, आतली चिप योग्य निघाली आणि कंपनीने वाट बंद केलेली नसली, तरच.

राउटर हा छोटा संगणक आहे. त्याला प्रोसेसर असतो, रॅम असते, आणि वीज गेली तरी मजकूर टिकवणारी एक फ्लॅश चिप असते. या चिपवर बसवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. बहुतेक घरगुती राउटरांच्या फर्मवेअरचा गाभा लिनक्सचाच असतो. कंपनी त्यावर आपलं नाव, आपले रंग आणि आपली पानं चढवते. ओपनडब्ल्यूआरटी हेही लिनक्सच, फक्त ते जगभरातले लोक मिळून उघडपणे लिहितात आणि हजाराहून अधिक मॉडेलांसाठी तयार करून ठेवतात. टीपी-लिंकचा आर्चर सी७ घ्या. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ७२० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम. मॉडेल दहा वर्षांहून जुनं आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या २०२५ साली आलेल्या २४.१० या आवृत्तीत त्यालाही जागा आहे. म्हणजे ताजं लिनक्स, नवीन डब्ल्यूपीए३ सुरक्षा, आणि त्रुटी सापडली तर दुरुस्ती. त्याच यंत्रावर, एक पैसा न घालता.

ही वाट कशी उघडली, ते मी दरवर्षी नव्या तुकडीला सांगते, कारण त्यात परवाना, कायदा आणि सोल्डरिंग हे तिन्ही विषय एकत्र येतात. लिंक्सिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेतली. जून २००३ मध्ये अँड्र्यू मिकलस या प्रोग्रामरने लिनक्सच्या विकसकांना कळवलं, की या राउटरच्या पोटात लिनक्स आणि त्याच परवान्याखालचे आणखी प्रोग्राम आहेत, पण त्यांचा सोर्स कोड कंपनीने कुठेच दिलेला नाही. जीपीएल या परवान्याची अट स्पष्ट आहे. हे सॉफ्टवेअर वापरा, बदला, विका; पण ज्याला विकाल त्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने पाठपुरावा केला आणि काही आठवड्यांत कोड खुला झाला. त्या कोडवर जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचं काम सुरू झालं. पुढे डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही भावंडं आली. याच राउटरच्या तपासणीच्या पानावर पिंग करायची एक चौकट होती. तिच्यात पत्त्याऐवजी आज्ञा लिहिली तर राउटर ती मुकाट पाळायचा. त्या फटीतूनच लोकांनी सुरू होताना काही सेकंद थांबून नवीन फर्मवेअरची वाट पाहण्याची सेटिंग चालू केली. उत्साही मंडळींसाठी ती फट वरदान ठरली, पण सुरक्षेच्या दृष्टीने ती भयंकर चूक होती, हेही मी मुलांना त्याच तासाला सांगते.

याच्या पुढचा भाग मला धोरण ठरवणाऱ्यांनी वाचावासा वाटतो. २००५ च्या अखेरीस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यात फ्लॅश ४ एमबीवरून २ एमबीवर आणि रॅम १६ वरून ८ एमबीवर आणली, आणि लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स हे बंद सॉफ्टवेअर घातलं. ज्या लोकांनी हा राउटर त्यातल्या मोकळेपणासाठी डोक्यावर घेतला होता, ते बिथरले. कंपनीने मग डब्ल्यूआरटी५४जीएल नावाने जुनी मेमरी आणि लिनक्स असलेला राउटर वेगळा विकायला सुरुवात केली. तो पुढे कित्येक वर्षं विकला गेला, तेही त्याहून कितीतरी वेगवान राउटर शेजारच्या फळीवर असताना. राउटर खुला ठेवला तर धंदा बुडतो, असं सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपल्या देशातही त्या निळ्या खोक्याने काम केलं आहे. जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठी परवानामुक्त केला आणि फेब्रुवारीतच हिमाचलातल्या धरमशाला इथे तिबेटी शाळा-संस्थांना जोडणारं वायफायचं जाळं उभं राहिलं. महिनाअखेरपर्यंत आठ परिसर जोडले गेले होते. गच्चीवर, डोंगरउतारावर, माकडांच्या उच्छादात टिकतील अशा पेट्यांमध्ये बसवलेले राउटर हे बदललेलं फर्मवेअर घातलेले डब्ल्यूआरटी५४जीच होते. घरातल्या टेबलासाठी बनवलेल्या यंत्राने डोंगरावर जाळं विणायचं, हे कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरच्या गावीही नव्हतं.

कार्यशाळेत हे काम कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण लोकांना वाटतं तितकं ते अवघड नाही, आणि काही मुलांना वाटतं तितकं सोपंही नाही.

पहिली पायरी राउटर उलटा करण्याची. खालच्या लेबलावर मॉडेलच्या नावाशेजारी बारीक अक्षरात आवृत्ती लिहिलेली असते. तेच सगळ्यात महत्त्वाचं. एकाच नावाच्या आर्चर सी६च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे आणि तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची. खोकं तेच, नाव तेच, आतलं यंत्र पार वेगळं. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यावर चढवलं तर तो सुरू होणार नाही. म्हणून आमच्याकडे नियम असा, की लेबलाचा फोटो वहीत चिकटवल्याशिवाय कोणी संगणकाला हात लावायचा नाही. मग ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत तेच मॉडेल, तीच आवृत्ती शोधायची, फाइल उतरवायची, तिचा हॅश, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, जुळतो का पाहायचं. जुळला नाही तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा कोणी छेडली आहे. दोन्ही बाबतीत ती टाकून द्यायची.

फर्मवेअर नेहमी लॅन केबलने चढवायचं, वायफायवरून कधीच नाही. आणि राउटर इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावायचा. आमच्याकडे दुपारी वीज जाणं नवीन नाही, आणि फ्लॅश चिपवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर राउटर अर्धा जुना, अर्धा नवा राहतो. मुलांना सगळ्यात कठीण जातं ते काहीच न करणं. फाइल चढवली की काही मिनिटं दिवे लुकलुकतात, विझतात, पुन्हा लागतात. या वेळात हात बांधून बसायचं असतं. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की नवीन पान उघडतं. पासवर्ड सुरुवातीला नसतो, तो आधी ठेवायचा. वायफायही मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, म्हणजे पासवर्ड ठेवण्याआधी शेजारचं कोणी आत शिरू नये. ते चालू करताना देश म्हणून भारत निवडायचा. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण कोणत्या वारंवारितेवर किती ताकदीने प्रक्षेपण करता येईल, ते त्यावरून ठरतं.

‘मॅडम, ब्रिक झाला’ ही आरोळी दर तुकडीत ऐकू येते. मेलेला वाटणारा राउटर बहुतेक वेळा परत येतो. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत रिसेटचं बटण दाबून ठेवून वीज दिली, की राउटर लॅनच्या तारेवर १९२.१६८.०.६६ या पत्त्याच्या संगणकाकडे ठरलेल्या नावाची फाइल मागतो. ती तिथे तयार ठेवली असेल तर स्वतःच उचलून घेतो. ओपनडब्ल्यूआरटीची रचनाही या बाबतीत दिलासा देणारी आहे. मूळ सॉफ्टवेअर फक्त वाचता येईल अशा थरात असतं आणि तुम्ही केलेले बदल त्याच्यावरच्या वेगळ्या थरात लिहिले जातात. सेटिंगचा घोळ झाला तर वरचा थर पुसायचा, खालचं शाबूत राहतं. यातलं काहीच चाललं नाही तर आम्ही राउटर उघडतो. बोर्डवर एका कडेला चार छोटे टिपके असतात, तो त्याचा सीरियल पोर्ट. यूएसबीचं साधं अडॅप्टर घ्यायचं, ३.३ व्होल्टवर ठेवलेलं, पाचवर नाही, नाहीतर चिप जाईल. तीन तारा जोडायच्या, चौथी विजेची तार मोकळी सोडायची, आणि पडद्यावर राउटर सुरू होताना काय काय बोलतो ते ओळ ओळ वाचायचं. माझ्या मुलांपैकी अनेकांनी लिनक्स सुरू होताना पहिल्यांदा पाहिलं ते इथे, भंगारातून आणलेल्या बोर्डवर.

घरी याचा उपयोग काय? एक उदाहरण बहुतेकांच्या ओळखीचं असेल. मुलीचा व्हिडिओ कॉलवर तास चालू आहे, तेवढ्यात कोणाचा तरी फोन लग्नाचे फोटो वर चढवायला लागतो, आणि बाईंचा आवाज तुटायला लागतो. आपण नेटवाल्याला फोन करून जास्त वेगाचा प्लॅन घेतो. काही दिवसांनी तेच. कारण दुखणं वेगाचं नसतं, रांगेचं असतं. राउटर किंवा मोडेम वर जाणारी पाकिटं आपल्या बफरमध्ये साठवत राहतो, रांग लांबत जाते, आणि कॉलचं छोटंसं पाकीट फोटोंच्या शेकडो पाकिटांच्या मागे उभं राहतं. एरवी १५-२० मिलिसेकंदांत येणारं उत्तर काहीशे मिलिसेकंदांवर जातं. जिम गेटिस या अभियंत्याने २०१०च्या सुमारास या रोगाला बफरब्लोट असं नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे न मोजता पाकीट रांगेत किती वेळ अडकलं ते पाहायचं. ही थांबणूक ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिली, तर पाकिटं टाकायला लागायचं, म्हणजे पाठवणारा आपोआप सावकाश होतो. पुढे प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारी एफक्यू-कोडेल आली. हे सगळं घासूनपुसून पाहिलं गेलं ते ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेल्या सेरोडब्ल्यूआरटी या प्रयोगात. डेव्ह टॅट या माणसाने आयुष्याची कित्येक वर्षं या कामाला दिली. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या कामाचा फायदा ज्यांना रोज मिळतो, त्यातल्या फार थोड्यांना त्यांचं नाव ठाऊक असेल.

ओपनडब्ल्यूआरटीत ही सोय एसक्यूएम या नावाने मिळते. लाइन ४० एमबीपीएसची असेल तर तिथे ३६च्या आसपास आकडा भरायचा, म्हणजे रांग कंपनीच्या मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागते आणि तिच्यावर आपला ताबा राहतो. चार एमबीपीएस सोडले, आणि घरात कोणी काहीही चढवत-उतरवत असलं तरी कॉल सुरळीत. जुन्या प्रोसेसरला हे काम शे-दीडशे एमबीपीएसच्या पुढे झेपत नाही, हे मात्र आधीच सांगायला हवं. पण आमच्या भागात कितीतरी घरी त्याहून कमी वेगाच्याच जोडण्या आहेत.

विट्याच्या एका यंत्रमागवाल्यांचा मुलगा माझ्याकडे शिकत होता. त्याच्या घरी वायफाय, पण मागे शेडमध्ये काही पोहोचत नव्हतं, आणि वडिलांना ऑर्डरचे फोटो पाहायला दर वेळी घरात यावं लागे. त्याने कपाटातले दोन राउटर घेतले, दोन्हींवर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं, एक घराच्या खिडकीत लावला, दुसरा शेडमध्ये, आणि दोन्ही बिनतारी जोडले. शेडमधला राउटर १२ व्होल्टचा होता, तो त्याने बॅटरीवर घेतला, त्यामुळे वीज गेली तरी जोडणी राहते. हे दोन्ही राउटर मालकांच्या लेखी कचरा होते.

आता विरोधात काय बोललं जातं ते पाहू. पहिला आक्षेप रेडिओचा. लोक फर्मवेअर बदलून मर्यादेपेक्षा जास्त ताकदीने प्रक्षेपण करतील, विमानतळाच्या रडारला किंवा शेजाऱ्याला त्रास होईल. काळजी खोटी नाही. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१५ मध्ये याच कारणाने कडक भाषा वापरली, आणि कंपन्यांनी सरळ सगळंच कुलूपबंद करायला सुरुवात केली. व्हिंट सर्फ यांच्यासारखे इंटरनेटच्या पायाभरणीतले लोक आणि अडीचशेहून अधिक तज्ज्ञ त्याविरुद्ध उभे राहिले. २०१६ मध्ये काही राउटर मर्यादेपेक्षा जास्त ताकदीने चालवता येत होते म्हणून एफसीसीने टीपी-लिंककडून दोन लाख डॉलर घेतले, आणि त्याच तडजोडीत खुल्या फर्मवेअरला वाव देण्यासाठी काम करण्याचं कंपनीकडून कबूल करून घेतलं. म्हणजे रेडिओच्या भागावर मर्यादा घालून बाकीचा राउटर मोकळा ठेवता येतो, हे नियामकानेच मान्य केलं. भारतानेही २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त केला आहे. नियमात राहून करण्यासारखं पुष्कळ आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तिथे मला राग येतो. ‘अनोळखी लोकांचं सॉफ्टवेअर घरात कशाला?’ असं विचारणारे लोक वर्षानुवर्षं दुरुस्ती न झालेलं फर्मवेअर घरात चालवत असतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला, की कंपनीने सोडून दिलेल्या जुन्या राउटरांत द मून नावाच्या घातक सॉफ्टवेअरने शिरकाव केला आहे आणि त्या घरांच्या जोडण्या गुन्हेगारांना भाड्याने विकल्या जात आहेत. यादीत लिंक्सिसच्या ई१२००, ई२५००सारखी घरगुती मॉडेलं होती. अशा घराचा आयपी पत्ता उद्या एखाद्या फसवणुकीच्या तपासात निघाला, तर पोलीस त्या घराच्या दारात येतील. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने सिस्को आणि नेटगिअरच्या मुदत संपलेल्या राउटरांतून चालणारं असंच एक जाळं तोडल्याचं जाहीर केलं होतं.

खुल्या फर्मवेअरमध्ये त्रुटी नसतात, असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एका जपानी संशोधकाला ओपनडब्ल्यूआरटीच्या अपडेट तयार करून देणाऱ्या सेवेत गंभीर दोष सापडला. तयार फाइलची ओळख पटवणारा हॅश फारच आखूड ठेवलेला होता, त्यामुळे खऱ्या फाइलच्या जागी भलतीच फाइल हाती पडण्याची शक्यता होती. कळवल्यावर काही तासांत सेवा थांबवून दोष काढला गेला आणि काय झालं होतं ते जगासमोर मांडलं गेलं. मला कंपन्यांकडून एवढीच अपेक्षा आहे.

खुल्या फर्मवेअरलाही सगळं वाचवता येत नाही. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे राउटर, म्हणजे एकेकाळी घरोघरी असलेल्या टीएल-डब्ल्यूआर८४१एनच्या जातीचे, आता नव्या आवृत्त्यांत बसत नाहीत. लिनक्सच तेवढ्या जागेत मावत नाही. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपा असलेल्या राउटरांचंही रडगाणं आहे, कारण त्यांचे ड्रायव्हर खुले नाहीत. आमच्या कपाटात हेच जास्त. ते आम्ही सोल्डरिंगच्या आणि सीरियल पोर्टच्या सरावाला वापरतो. नवीन राउटर घेताना दोनशे-तीनशे रुपये वाचवण्यासाठी कमी मेमरीचा घेऊ नका, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

आणि मग फायबरवाल्यांनी दिलेले डबे. आमच्या घरी जोडणीबरोबर जो डबा आला, त्याचा ॲडमिन पासवर्ड मागितला तर ‘ते कंपनीकडेच असतं’ असं उत्तर मिळालं. डबा कंपनीचा आहे, हे मला मान्य आहे. पण माझ्या घरातली सगळी यंत्रं त्याच्यातून जातात. तो ब्रिज मोडमध्ये, म्हणजे जोडणी नुसती पुढे सोपवण्यापुरता, टाकून द्या, पुढे माझा राउटर मी लावते, एवढीच मागणी होती. तिच्यासाठी इतका पाठपुरावा करावा लागला, की ज्याला ब्रिज मोड म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच फोनला नाद सोडला असता. ही सोय जोडणी देतानाच, एका अर्जावर मिळायला हवी.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून असा कायदा लागू आहे, की राउटरसारखी जोडलेली उपकरणं विकणाऱ्याने सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान किती काळ देणार ते जाहीर केलं पाहिजे, आणि सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देता येणार नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी क्षेत्रं तिने हाती घेतली. राउटर त्यात ठळकपणे यायला हवा, कारण त्याची दुरुस्ती बहुतांशी सॉफ्टवेअरची असते. दूरसंचार उपकरणांना आपल्या देशात टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग सेंटरचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याच अर्जात दुरुस्त्या संपण्याची तारीख मागावी, ती खोक्यावर छापायला लावावी, आणि त्या तारखेनंतर फर्मवेअरचं कुलूप काढणारी फाइल कंपनीने खुली करावी, अशी अट घालता येईल. रेडिओच्या मर्यादा चिपमध्ये बंद राहू द्याव्यात. हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, याचा पुरावा बाजारात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या लोकांनी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेबरोबर ओपनडब्ल्यूआरटी वन हा स्वतःचा राउटर ८९ डॉलरला आणला. त्यात मुख्य फ्लॅशशिवाय वाचवण्यासाठी दुसरी वेगळी फ्लॅश चिप आहे आणि मागे एक खटका आहे. फर्मवेअर कितीही बिघडलं तरी खटका सरकवून राउटर परत उभा करता येतो.

केंद्राचा कायदा यायला वेळ लागेल. राज्याला तितकी वाट पाहायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं, आमच्यासारखे आयटीआय यांच्यासाठी राउटर सरकारी पैशातून घेतले जातात. पुढच्या खरेदीच्या निविदेत तीन ओळी घालाव्यात: सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत, ते लेखी द्या, फ्लॅश किमान १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी हवी, आणि मॉडेलची जी आवृत्ती पुरवाल, तिच्यावर खुलं फर्मवेअर चढतं हे आमच्यासमोर दाखवा. तिसऱ्या ओळीची तपासणी करायला माणसं मिळणार नाहीत, अशी अडचण कोणी सांगितली, तर जिल्ह्याजिल्ह्यांत आयटीआय आहेत. राउटर आमच्याकडे पाठवा. लेबलाचा फोटो वहीत चिकटवून मुलं तपासून देतील.